घरात पाणी कधी येणार हे विचारत बसले, आणि पूल आधीच गेला: सोनपेठ तालुक्यातल्या एका गावाचं प्रकरण

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात लोकांचे निर्णय आहेत, भांडणं आहेत, थोडा येडेपणा पण आहे आणि नावानिशी ते छापून आलेलं कोणालाच आवडणार नाही. परभणी जिल्हा, सोनपेठ तालुका, गोदावरीच्या काठावरचं माझं आजोळ, एवढं पुरे. सप्टेंबर २०२५ च्या पुराची गोष्ट आहे. मी घटस्थापनेपासून मामाकडंच होतो त्यामुळं बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं, बाकीचं नंतर कोतवाल, आशाताई, सरपंच आणि खालच्या वस्तीतल्या लोकांना विचारून जुळवलेलं.

आधी गावाची ठेवण समजून घ्या नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. जुनं गाव उंच पांढरीवर आहे, वर गढीचे बुरूज पडलेत पण उंची शाबूत आहे, तिथं नदीचं पाणी चढत नाही. मागच्या पंचवीस-तीस वर्षांत पोरं वेगळी झाली तशी सगळ्यांनी घरं बांधली ती खाली, रस्त्याच्या कडंला, ओढ्याजवळ. तिलाच खालची वस्ती म्हणतात, पंचवीस-तीस घरं, बहुतेक पत्र्याची, थोडी स्लॅबची. हा ओढा गावाच्या मागून फिरून नदीला मिळतो आणि सोनपेठला जायचा रस्ता ह्याच ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून जातो. पुलापलीकडं माळ, माळावर तांडा आणि हायस्कूल. म्हणजे तालुका, दवाखाना, हायस्कूलची पक्की इमारत, सगळं पुलाच्या पल्याड.

आता गोदावरी फुगली की काय होतं, ओढ्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीचंच पाणी ओढ्यातून उलटं आत यायला लागतं. आमच्याकडं पूर समोरून येतच नाही, मागून येतो. नदीकाठच्या घाटावर उभं राहून "अजून लई लांब आहे पाणी" म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीमागं पूल बुडालेला असतो. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे तरी दरवेळी बघायला सगळे घाटावरच जातात, कारण तिथून बघायला बरं वाटतं!

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी दोन धरणांचं येतं. पैठणचं जायकवाडी तर सगळ्यांनाच माहीत, पण माजलगाव धरणातून सोडलेलं पाणी सिंदफणेतून मंजरथला गोदावरीत मिळतं, त्यामुळं मंजरथच्या खाली जेवढी गावं आहेत त्यांना दोन्हीकडचा हिशोब ठेवावा लागतो. बातम्यांत मात्र जायकवाडी एकटंच असतं, त्याचे २७ दरवाजे, त्याचा विसर्ग, त्याचे ड्रोनचे व्हिडिओ. माजलगावचे ११ दरवाजे किती उघडलेत हे विचारणारा आमच्या गावात एकच माणूस होता, आमचे रिटायर्ड गुरुजी, आणि त्यांना लोक "गुरुजी तुम्ही उगं घाबरवता" म्हणायचे.

तर झालं असं. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास बीड जिल्ह्यात सिंदफणेला मोठा पूर आला, तेव्हा आमच्याकडं पण पाणी वाढलं, स्मशानभूमीपर्यंत आलं आणि उतरलं. पूल गेला नाही. माझ्या मते खरं नुकसान तिथंच झालं, कारण लोकांनी ठरवून टाकलं की आला आला म्हणत होते तो पूर हाच, येऊन गेला. सोयाबीन काढणीला आलेलं, कापसाची बोंडं भिजून काळी पडलेली, सगळ्यांचं लक्ष शेतात. शनिवारी २७ ला परत धो धो सुरू झाला, रात्री लाईट गेली ती गेलीच.

रविवारी सकाळपासून फोनवर विसर्गाचे मेसेज यायला लागले. हा भाग जरा सविस्तर सांगतो. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाच्या फोनमध्ये लागोपाठ तीन मेसेज होते, पहिल्यात जायकवाडीतून अडीच लाख क्युसेक, दुसऱ्यात दोन लाखाच्या आसपास, तिसऱ्यात दीड लाख. मामी म्हणली, बरं झालं बाई, कमी केलं पाणी. कमी कुठलं, तिसरा मेसेज सगळ्यात जुना होता, टॉवरला रेंज आली तसा कोणीतरी आदल्या दिवशीचा फॉरवर्ड केलेला, आणि तिन्हीत तारीख नाही, वेळ नाही, फक्त "सतर्क रहा" आणि हात जोडलेले. ग्रुपवर निम्म्या लोकांनी ते असंच उलटं वाचलं. दुपारपर्यंत एक व्हॉइस मेसेज पण फिरला, कोणीतरी धापा टाकत सांगतंय की धरणाला तडा गेलाय, पळा. त्याच्यावर काही जण खरंच घाबरले आणि काहींनी तो खोटा आहे हे कळल्यावर सगळंच खोटं धरलं, म्हणजे खरा विसर्ग पण.

आणि समजा आकडा खरा, ताजा, वेळेसकट मिळाला तरी त्याचं करायचं काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. त्या रविवारी जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या वर गेला, म्हणजे तासाला एक टीएमसीहून (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) जास्त पाणी, २००६ च्या पुरात अडीच लाखाच्या आसपास सोडलं होतं त्याच्यापेक्षाही जास्त, पैठणमधली सखल भागातली वस्ती हलवावी लागली. हे सगळं ऐकून पैठणच्या माणसाला अंदाज येत असेल, पण पैठणपासून इतक्या लांब, मधी एवढे बंधारे, मधी सिंदफणा, अशा ठिकाणच्या माणसाला तीन लाख क्युसेक म्हणजे पूल बुडणार का मारुतीच्या पायऱ्या बुडणार का काहीच नाही, हे कोण सांगणार. तहसीलमधून कोतवालाला जो मेसेज आला त्यात पण "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, नदीपात्रात उतरू नये, जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत" एवढंच. त्यात चूक काहीच नाही, शेकडो गावांसाठी एकच मेसेज काढायचा तर दुसरं काय लिहिणार. पण "आता निघा" असं त्यात नव्हतं, आणि गावाला तेवढंच पाहिजे होतं.

मग गावाला खरी माहिती कुठून मिळाली? सोयऱ्यांकडून. गुरुजींची पुतणी शहागडला दिलेली आहे, हायवेवर गोदावरीचा मोठा पूल आहे तिथं. गुरुजींनी तिला फोन लावला की पाणी पुलाच्या खांबाला कुठवर आलंय ते बघून सांग, तिनं नवऱ्याला पाठवलं, त्यानं सांगितलं की आठवड्याच्या सुरुवातीला होतं त्याच्यापेक्षा लई वर आहे आणि अजून चढतंय. माजलगावकडच्या एका पाव्हण्याला फोन करून सिंदफणेचं विचारलं. आपल्याकडं लेकी नदीच्या वरच्या अंगाला पण दिलेल्या असतात आणि खालच्या पण, हे एवढं पक्कं जाळं कुठल्या सरकारी खात्याकडं नसेल. शिवाय जुन्या माणसांचा ठोकताळा होता की पैठणला सोडलेलं आपल्याकडं दुसऱ्या दिवशी येतं. म्हणजे रविवारी पैठणला जे चाललंय ते सोमवारी इथं.

गुरुजींचा हिशोब साधा होता. सोमवारी काय होईल ते होईल, पण ओढ्याच्या पुलाच्या तीन नळ्यांपैकी दोन सकाळीच दिसेनाशा झाल्यात, तिसरीची फक्त कमान दिसतीये, वरून पाऊस चालू आहे, म्हणजे पूल आजच जाणार. माणसं काढायची तर आज दुपारच्या आत.

कोतवालाला हे पटलं. पण सांगायचं कसं, लाईट नाही म्हणून मंदिराचा भोंगा बंद, फोन निम्म्यांचे डिस्चार्ज. देवीच्या मंडळाच्या पोरांकडं बॅटरीवर चालणारा स्पीकर होता, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवला आणि खालच्या वस्तीतून फिरवला. त्याच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नंतर दोन दिवस लोकांनी मोबाईल चार्ज केले, आळीपाळीनं, आणि त्यावरून पण भांडणं झाली ती सोडा.

स्पीकरवर सांगून लोक निघाले का? नाही. पहिल्या तासात चार-पाच घरं. बाकीच्यांचं म्हणणं काय होतं ते आमच्या शेजारच्या आबांच्या तोंडून ऐका, मामा त्यांना बोलवायला गेला तेव्हाचं:

"आबा, चला ना आता, पूल जाईन."

"तू जाय बाबा. दोन म्हशी आन् गाय हाय, त्यांला कोण बघील? आन् दोन हजार सहाला म्या हितंच होतो, उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं. कामून घाई करायलेत सगळे?"

आबा खोटं बोलत नव्हते. २००६ ची खूण मारुतीच्या पाराच्या दगडावर आहे आणि त्या खुणेवरून खरंच खालच्या वस्तीला धोका वाटत नाही. पण २००६ ला रस्ता खाली होता, ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहून पसरून जायचं. नंतर रस्ता नवा झाला तेव्हा भराव टाकून चार-पाच फूट उचलला आणि पुलाला नळ्या मात्र त्याच तीन ठेवल्या, त्यात पण गवत, काटक्या, प्लास्टिक. आता ओढ्याला पाणी आलं की रस्त्याचा भराव बांधासारखा अडवतो आणि पाणी वस्तीच्याच बाजूला साचतं. जुनी खूण नदीसाठी बरोबर, ओढ्यासाठी ती आता चालत नाही, हे गुरुजी सोडून कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर अजिबातच नाही, मी पण पाराकडं बघून निवांत होतो.

शेवटी जे चाललं ते म्हणजे आधी जित्राब हलवलं. तांड्यावरच्या लोकांनी माळावर जागा दिली, हायस्कूलच्या मागं पत्र्याचं मोठं शेड होतं, पोरांनी दावणीच्या दावणी सोडून म्हशी, बैल, शेळ्या पुलावरून पलीकडं नेल्या. एकदा म्हशी गेल्या की माणूस घरात बसून करणार काय, संध्याकाळची धार काढायला जायचंच आहे. आबा स्वतःच कंदील आणि कासांडी घेऊन निघाले, कोणाला काही न बोलता. त्यांच्यामागून बाया, मग पोरं. यातून मला जे कळलं ते हे की गावात "माणसं हलवा" म्हणणं म्हणजे उलट्या टोकाकडून सुरुवात करणं आहे.

आशाताईंचं काम मात्र सगळ्यात आधी झालं होतं आणि त्याचा कोणी गवगवा केला नाही. त्यांच्या रजिस्टरात कोण गरोदर, कोणाची तारीख जवळ, कोण बाळंतीण, कोणाला बीपी-शुगरच्या गोळ्या, कोण अंथरुणावर हे सगळं घरानिशी लिहिलेलं असतं. नववा महिना लागलेली एक पोरगी त्यांनी शनिवारीच, पाऊस बघून, नवऱ्यामागं लागून सोनपेठला तिच्या मावशीकडं पाठवली होती. १०८ ची गाडी पुलापलीकडून येते, पूल नसंल तर १०८ चा उपयोग नाही, एवढा साधा विचार. गावाकडं आपत्तीचा म्हणून जो काही आराखडा फाईलमध्ये आहे त्यात ही यादी नाही, रजिस्टर ताईंच्या पिशवीत होतं.

चारच्या सुमारास पूल गेला. म्हणजे तुटला नाही, वरून कमरेएवढं पाणी वाहायला लागलं. पैठणच्या तीन लाखांचा आकडा टीव्हीवाल्यांनी मोठ्या अक्षरात दाखवला तेव्हा आमच्या गावातून बाहेर पडायचा रस्ता आधीच बंद झालेला, आणि ते पाणी तर अजून आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. खालच्या वस्तीतली सात-आठ घरं ऐनवेळी वर जुन्या गावात आली, त्यांना माळवदाच्या वाड्यात जागा मिळाली पण माळवद ठिकठिकाणी गळत होतं आणि टाकीची मोटर लाईटशिवाय चालत नाही म्हणून प्यायला पाणी नाही. चारी बाजूनं पाणी आणि पावसाचं पागोळीखाली घागरी लावून प्यायचं. जीव वाचला हे खरं, पण त्यातल्या एका शुगरवाल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या खाली घरात राहिल्या होत्या आणि दोन दिवस त्या मिळाल्या नाहीत.

आणि दोघं जण अडकले. कशामुळं? मोटर काढायला गेल्ते. नदीकाठचा प्रत्येक शेतकरी पूर आला की आधी मोटर आणि स्टार्टर काढायला पळतो, कारण ती गेली की पुढचं पीक गेलं, त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मोटर काढली, आखाड्यावर म्हणजे शेतातल्या गोठ्यावर आणली, वळून बघतात तर मागं ओढा. आखाड्याच्या बाजूला जुन्या विहिरीच्या मातीचा उंच ढीग होता त्यावर जाऊन बसले. एकाच्या फोनला थोडी बॅटरी होती. त्यानं ११२ लावला, लागला पण. पलीकडची बाई नीट बोलत होती, पण पत्ता विचारल्यावर ह्यानं सांगितलं "आमच्या आखाड्यावर", आणि आखाडा कोणाचा, कुठल्या गावचा, कुठला तालुका हे सांगेपर्यंत आवाज तुटायला लागला. ११२ चा फोन आपल्या गावच्या ठाण्यात वाजत नसतो, तो राज्याच्या कक्षात जातो आणि तिथून जिल्ह्याला येतो, म्हणून पहिल्या वाक्यातच जिल्हा, तालुका, गाव आणि गावापासून कुठल्या दिशेला हे सांगून टाकायचं, नाव-गाव-कहाणी नंतर.

तिकडं पुण्यात त्याच्या भावानं १०७७ लावला. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर म्हणून सगळीकडं हाच लिहिलेला असतो. त्याला फोन लागला पुण्याच्या कक्षात, तिथल्या माणसाला सोनपेठ काय माहीत. बाहेरगावावरून लावायचं तर आधी आपल्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावायचा, परभणीचा ०२४५२, मग १०७७, हे कुठल्याच पोस्टरवर ठळक लिहिलेलं मी बघितलं नाही आणि मराठवाड्यातल्या निम्म्या घरांचा एक माणूस तरी पुण्यात असतो! काहीच नाही लागलं तर मुंबईला मंत्रालयातला राज्याचा कक्ष १०७० वर असतो. शेवटी त्या भावानं व्हॉट्सॲपवर आलेलं लोकेशन गुरुजींना पाठवलं, गुरुजींनी पोलीस पाटलांना आणि पाटलांनी तहसीलला. रात्र त्या दोघांनी ढिगावरच काढली. ठरलं एवढंच की दर तासाला फोन चालू करायचा, एक मेसेज टाकायचा "आहोत" आणि लगेच बंद करायचा. सोमवारी सकाळी तहसीलनं शेजारच्या गावातल्या भोई लोकांची नाव आणि लाईफ जॅकेट पाठवले आणि दोघं निघाले. मोटर पण आणली बरं का नावेत घालून, नाववाला शिव्या देत होता.

सोमवारी रात्री नदी सगळ्यात जास्त होती. खालच्या वस्तीत काही घरांत गुडघ्याएवढं, ओढ्याच्या कडंच्या घरांत खिडकीच्या वर पाणी. आबांच्या उंबऱ्याला लागलं, आत पण आलं. मारुतीच्या पाराची जुनी खूण तशीच कोरडी. माणूस एकही गेलं नाही, जनावरांत दोन शेळ्या आणि कोंबड्या गेल्या. पाणी उतरल्यावरचं पंचनाम्याचं सगळीकडं होतं तसंच झालं, त्यात फार शिरत नाही, फक्त चिखल धुवायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढले त्यांना कमी त्रास झाला.

नंतर काय बदललं ते सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी पोरांना घेऊन पुलाच्या कठड्याच्या बाजूनं ऑइलपेंटनं पट्टे मारले. दुसरी नळी बुडते तिथं पिवळा, तिसरीची कमान बुडते तिथं लाल. पिवळा बुडाला की जित्राब आणि आशाताईंच्या यादीतली माणसं पलीकडं, लाल बुडायच्या आत बाकीचे, आणि पिवळ्यानंतर मोटर काढायला कोणी जायचं नाही. ह्यात क्युसेक कुठंच नाही. पैठणचा आकडा, माजलगावचा आकडा आणि शहागडचा फोन हे फक्त एवढ्यासाठी की पुलाकडं बघायला किती वेळानं जायचं, दिवसातून एकदा का दर तासाला.

ग्रुपवर आता फक्त ॲडमिन टाकू शकतात, आणि ॲडमिन तिघंच, कोतवाल, गुरुजी आणि सरपंचांची सून, तिचं फोनचं डोकं चांगलं आहे. तारीख-वेळ नसलेला मेसेज पुढं जात नाही. तिनंच केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया ॲप आणि आपत्ती प्राधिकरणाचं सचेत ॲप घेतलंय. फ्लडवॉचवर गोदावरीची मोजणीची ठिकाणं दिसतात, गंगाखेडचं पण, पण गंगाखेड आमच्या खाली आहे, तिथं वाढलेलं दिसतं तोवर आमच्याकडून पाणी पुढं गेलेलं असतं, म्हणून तिला सांगावं लागलं की वरची ठिकाणं बघ. नांदेडकरांचं बरं आहे, जुन्या पुलावर ३५१ मीटरला इशारा आणि ३५४ ला धोका हे तिथल्या पोरासोरांना पाठ असतं, एकच आकडा आणि डोळ्यासमोरचा पूल. छोट्या गावाला असा आकडा कोणी देत नाही, स्वतःच रंगवावा लागतो.

नंबर गिरणीच्या भिंतीवर आणि रेशन दुकानावर लिहिलेत, १०७७ च्या आधी कोडासकट. बॅटरीचा स्पीकर मंडळाकडून ग्रामपंचायतीनं मागितला तर पोरं म्हणतात देतो, पण देवीच्या नऊ दिवसांत मिळणार नाही, आणि पूर तर नेमका त्याच दिवसांत आल्ता, म्हणून ते अजून लटकलंय.

नळ्यांचं काम तसंच आहे. मोठ्या मोरीचा ठराव ग्रामसभेत घेऊन पाठवला, उत्तर आलं की पुढच्या अंदाजपत्रकात विचार करू. तोवर मे महिन्यात जेसीबी लावून नळ्यांतली घाण गावानंच काढायची असं ठरलंय, डिझेल ग्रामपंचायतीनं द्यायचं का वस्तीवाल्यांनी वर्गणी करायची ह्याच्यावर मात्र एकमत नाही, आबांचं म्हणणं आहे की रस्ता ज्यांनी उचलला त्यांनीच द्यावं.